पलीकडून कोण उचलतं

"डबीवरचा दिवा स्थिर झाला की मगच नंबर टाकायचा, आई. आणि 'कनेक्ट' येईपर्यंत कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. तुझी घाई मला माहीत आहे."

मुलाचा तो आवाज बाईंच्या कानात अजून तसाच होता. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि वाट पाहिली.

टेबलावर मुलाचा शाळेच्या दिवसांतला कॉम्प्युटर होता. जाडजूड कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र, आणि पडद्याच्या जागी जुना टीव्ही. परदेशी जाताना मुलाने कॉम्प्युटरच्या पाठीला काडेपेटीएवढी डबी जोडून दिली होती. पूर्वी ही यंत्रं टेलिफोनच्या तारेवरून बोलायची. आता डबी घरातलं वायफाय पकडायची आणि बिचाऱ्या कॉम्प्युटरला वाटायचं, आपण अजून फोनच फिरवतोय. बाईंना मोबाइल जमत नव्हता असं नाही. पण याच यंत्रावर त्यांनी मुलाला पहिलं नाव टाइप करायला शिकवलं होतं, आणि त्याच्याकडेही अगदी असंच दुसरं यंत्र होतं. रोज दिवेलागणीला त्यावरून बोलायचं, हा त्या मायलेकांचा नेम.

कनेक्ट.

'आई, गुडघे कसे आहेत?' अक्षरं रेंगाळत एकेक करून उमटली.

बाई ताठ झाल्या. मुलाने जन्मात कधी गुडघ्यांची चौकशी केली नव्हती. तो आल्या आल्या टिंगल सुरू करायचा, आणि त्याची बोटं अशी पळायची की वाचता वाचता बाईंची दमछाक व्हायची. हा माणूस एकेक अक्षर हुडकून दाबत होता.

पलीकडे आपला मुलगा नाही, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती. कोण आहे, एवढंच कळायला हवं होतं. त्याच्या नावाने कुणी परका आपल्याशी खेळत असेल, तर त्या त्याला सोडणार नव्हत्या.

सकाळी डबी पिशवीत घालून त्या कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. तो त्यांचाच जुना विद्यार्थी.

"बिघडली का, बाई?"

"डबी ठणठणीत आहे. मला सांग, मी मुलाचा नंबर फिरवला आणि भलत्यानेच उचलला, असं होऊ शकतं?"

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर उगीचच पुसला. "डबीला पत्ता कळतो, बाई. माणूस कळत नाही. त्या पत्त्यावर जो बसेल तो उचलेल."

"आणि तो पत्ता दुसरीकडे हलवता येतो?"

"येतो. म्हणजे, ज्याला जमतं त्याला येतो."

"ज्याला जमतं म्हणजे तुला?"

"बाई, तुम्ही अजून वर्गातच आहात बघा," तो हसला, पण नजर न उचलता. चहा सांगतो म्हणाला आणि मागच्या दाराने गेला तो गेलाच. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्या संध्याकाळी त्यांनी फासा टाकला. 'लहानपणी ताप आला की काय मागायचास, आठवतं?'

मग उमटलं, 'तुझी निळी शाल. आणि उशाशी बाबांचा रेडिओ. बंद असला तरी चालायचा.'

दुरुस्तीवाल्याला हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्यांनी पुढचा प्रश्न टाइप करायला घेतला, तेवढ्यात बोलणं खटकन तुटलं. घरातले दिवे तर सगळे चालू होते.

यजमान उशिरा घरी आले. हल्ली त्यांना रोजच उशीर व्हायचा. बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. ते सांभाळायचं सोडून मुलगा परदेशी गेला, तेव्हापासून बापलेकांत अबोला होता. चौकशी मात्र ते वर्तमानपत्राआडून करायचे.

"काय म्हणतात तुमचे चिरंजीव?"

"मजेत आहेत. पण मध्येच तुटलं हो."

"तुटणारच. बाजारातली लाइट गेली ना—" ते थबकले. पेपर वीतभर वर सरकला. "म्हणजे, मी आपला अंधारात बसून होतो, असं म्हणतोय."

"बाजारातली लाइट गेली तर परदेशातलं बोलणं कसं तुटेल?"

"मी कुठे म्हटलं तसं? तुझं आपलं काहीतरीच! वाढ बघू, भूक लागलीय."

बाईंनी वाढलं. जेवताना यजमानांनी ताटावरून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर त्या बाजारात गेल्या. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत, उघड्या रेडिओंच्या पसाऱ्यात, मुलाकडचं ते दुसरं यंत्र मांडलेलं होतं, आणि खाली परदेशी शिक्क्यांचं फोडलेलं खोकं. यजमान चष्मा कपाळावर चढवून बसले होते आणि कोऱ्या पडद्याकडे टक लावून वाट पाहत होते.

बाईंचा हात दारापर्यंत गेला. मग त्या मागे फिरल्या आणि झपाझप घराकडे निघाल्या. यजमानांना फार ताटकळत ठेवून चालणार नव्हतं.

खुर्चीत बसून त्यांनी नंबर टाकला. मुलगा गेल्याचं सांगणारा त्याच्या मित्राचा फोन हिवाळ्यात बाईंनीच घेतला होता. आदल्याच संध्याकाळी इस्पितळातून मुलाने शेवटचं लिहिलं होतं, 'बाबांना सांभाळ. मी आहे असंच त्यांना वाटू दे.' बाईंनी तसा शब्द दिला होता. तेव्हापासून, यजमान घरात शिरताना पडदा उजळलेला दिसावा म्हणून, त्या रोज तो मुका नंबर फिरवत बसायच्या. आणि एका संध्याकाळी तो कुणीतरी उचलला होता. बाईंनी डोळे पुसले आणि पलीकडच्याला सावकाश वाचता यावं अशा बेताने टाइप करायला घेतलं, 'बाळा, तुझे बाबा आज तुझी फार आठवण काढत होते.'