पाण्याखालचा फोटो

अंदमानला स्नॉर्केलिंगची वेळ आली, तेव्हा रेल्वेतून रिटायर झालेल्या धर्मपाल गजभियेंना बोटीतच गरगरायला लागलं. त्यांची बायको माया मात्र मास्क चढवून, तोंडात नळी धरून बिनधास्त पाण्यात उतरली. मग रायपूरला पोहोचेपर्यंत ती त्यांना नुसतं माशांबद्दलच सांगत होती.

तिथल्या बूढापारा मोहल्ल्यातल्या घरी शेजारीपाजारी चहाला जमले. माया आत चहा गाळत असताना धर्मपालभाऊंनी मोबाइलवरचा पाण्याखालचा फोटो पुढे केला. तोंडभर मास्क, अंगात लाइफ जॅकेट. बाई की पुरुष, काही कळत नव्हतं.

"हा मी," भाऊ म्हणाले. "पिवळे-निळे मासे अगदी नाकासमोरून जाऊन राहिले होते. समुद्रात उतरायले छाती लागते!"

"वा भैया!" सगळे म्हणाले.

शेजारच्या नीलिमानं फोटो बोटांनी मोठा केला. "पण भाऊजी, हातात काचेच्या बांगड्या काहून?"

सगळे मोबाइलवर वाकले. भाऊंनी तो परत घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात माया चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"माझ्याच आहेत त्या," ती शांतपणे म्हणाली. "हे एकटे उतरायले भेऊन राहिले होते, म्हणून मीच यांच्या हातात भरून दिल्या."

सगळे भाऊंकडे पाहू लागले. खरं बोलावं तर समुद्र हातचा जात होता, न बोलावं तर बांगड्या हातात राहत होत्या.

धर्मपालभाऊ ट्रेमधला कप उचलत म्हणाले, "हव. हिनंच भरल्या."