डावा दिवा

"नाही लागला," वडील ट्रेलरच्या मागून म्हणाले.

मुलीने ब्रेकवरचा पाय काढला, पुन्हा दाबला. "आता?"

बराच वेळ उत्तर नाही. आरशात ट्रेलरवरच्या सामानाआडून त्यांची वाकलेली पाठ आणि एक कोपर तेवढं दिसत होतं. मग त्यांनी हात झटकला, कसली ही कटकट म्हणावं तसा.

"उजवा लागलाय. डावा नाही."

"एवढं सांगायला इतका वेळ?"

"खात्री करून सांगतोय. नाहीतर नंतर माझ्या नावाने खडे फोडशील."

ती उतरून मागे गेली. ब्रेकवरून पाय निघाला की दिवे विझणार, आणि पाय ठेवून बसलं की मागचं दिसणार नाही. म्हणून तर त्यांची मनधरणी करावी लागली होती. वर्षभराच्या अबोल्यानंतर पहिलं वाक्य बोलायचं, तेही "जरा मागे उभे राहाल का?"

गाडी आईची होती. जाण्याआधी तिने ती मुलीच्या नावावर केली, आणि तिथूनच बिनसलं. वडिलांनी त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. पेपर बंद केला, "सगळे खोटारडे" म्हणून. मुलीसमोरून जाताना तिच्याकडे बघणंही सोडलं. जेवणं वेगवेगळ्या वेळी होऊ लागली.

आज तिला निघायचं होतं. उद्या सकाळी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. तारीख एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. आणि महामार्गाच्या नाक्यावर बिनदिव्याचा ट्रेलर पुढे सोडत नसत.

तिने डिकीतला गालिचा उचलला. जुन्या गाडीच्या वायरी कडक झालेल्या, पण तिने दिलेले जोड पक्के होते. मग ट्रेलरचा प्लग काढला, टेस्टरचं टोक सॉकेटमध्ये खुपसलं, वडिलांना गाडीत बसवलं.

"ब्रेक दाबा."

टेस्टर पेटला. म्हणजे इथवर वीज येत होती.

"मग ट्रेलरचा अर्थ लागत नसणार," ती पुटपुटली. "अर्थिंगच्या पट्टीला गंज धरलाय."

"तुला कधी कशाचा अर्थ लागलाय?" वडील उतरता उतरता म्हणाले. त्यांचा पाय तिच्या अवजारांच्या पेटीला बसला. पाने, स्क्रू, सगळं शेडभर पसरलं.

"लाथ मारायची गरज नव्हती, बाबा."

"वाटेत कशाला ठेवतेस?"

तिने गुडघ्यांवर बसून सगळं गोळा केलं. ट्रेलरची पट्टी चकाकेपर्यंत घासली. "हिरवी वायर द्या."

त्यांनी तपकिरी दिली.

"हिरवी म्हटलं मी."

"मग स्वतःच घे ना. मी काय तुझा नोकर आहे?"

तिने स्वतः घेतली. स्क्रू आवळला, प्लग परत सॉकेटमध्ये बसवला. उजवीकडे जुनाच बल्ब होता. डावा गेलेला, म्हणून तिने तिथे नवा एलईडी बसवला होता. कमी वीज खातो, तापत नाही, म्हाताऱ्या वायरींवर ओझं पडत नाही. दोन्हीकडच्या लाल काचा अजून बाजूला काढून ठेवलेल्या होत्या.

ती परत सीटवर बसली. दाबला.

"नाही."

"नीट बघा!"

"बघतोय! नाही लागला. तुझ्याच्याने होणार नाही हे. आज राहू दे, उद्या बघ."

उद्या. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सॉकेटला वीज आहे, अर्थ घासून पक्का केलाय, बल्ब दुकानात लावून बघितलेला. उरलं कोण? मागे उभा असलेला माणूस. जा म्हणायचंही नाही, राहा म्हणायचंही नाही. नुसतं नाही लागला म्हणत राहायचं.

"मला अडवायचंय ना तुम्हाला? सरळ सांगा की."

"जा ना! कोण अडवतंय? तू गेलीस तर माझं काय अडणार आहे?"

तिने इंजिन सुरू केलं. फुटक्या सायलेन्सरच्या आवाजाने शेडचे पत्रे थरथरले.

"बंद कर ते आधी!" वडील ओरडले. "काही ऐकू येत नाही!"

"बॅटरी उतरतेय!" तिनेही ओरडून सांगितलं. "बघायला कान कशाला लागतात?"

शेडच्या कोपऱ्यात फळीचा तुकडा पडला होता. तो तिने ब्रेक आणि सीटच्या मध्ये घट्ट अडकवला. ब्रेक दाबलेलाच राहिला. आता रंगेहाथ पकडायचं. ती उतरली आणि ट्रेलरला वळसा घालून मागे गेली.

दोन्ही दिवे लागले होते. डावा तर इतका प्रखर, की वडिलांचा शर्ट आणि हनुवटी उजळून निघाली होती. त्यांची दोन बोटं त्याच बल्बवर टेकलेली होती.

खोटारडे, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. ती त्यांच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर उभी होती.

वडिलांनी मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यासमोरच, गाडीतल्या रिकाम्या सीटच्या दिशेने जिवाच्या आकांताने ओरडले, "गारच आहे गं अजून! दाबलायस ना नक्की?"