आणखी एक एक्स-रे

ठेकेदारसाहेबांची दाढ ठणकत होती, पण जीभ काही गप्प बसेना. दवाखान्याच्या खुर्चीत आडवं होता होताच ते मदतनीस मुलीला म्हणाले, “औषध राहू दे गं, तू नुसता गालावरून हात फिरव. लगेच बरा होतो की नाही बघ!”

ती अवजारांचा ट्रे घेऊन दोन पावलं मागे सरकली.

जुना पेशंट, दुखवायचा कशाला, म्हणून डॉक्टरीणबाई आजवर कानाडोळा करत आल्या होत्या. आज मात्र त्यांनी भरलेली सुई खाली ठेवली.

“आधी एक्स-रे काढू.”

“अहो, कालच काढलात की! दाढ किडलीय म्हणालात.”



“दाढेचा नाही हो. तुमच्या तोंडाला काही हाड आहे का, ते बघायचंय.”