विसरलेलं वाक्य

गल्लीतल्या मंडळाचं नाटक ऐन रंगात आलं असताना धाकटा भाऊ आपलं वाक्य विसरला. प्रॉम्प्टरनं विंगेतून दोनदा सांगितलं, तरी हा ढिम्म! प्रेक्षकांत चुळबूळ सुरू झाली, पहिल्या रांगेतली आई खुर्चीच्या कडेला सरकली आणि रंगमंचावर त्याच्यासमोर उभा असलेला थोरला एक पाऊल पुढे झाला. वडील गेल्यापासून दोघांत अबोला होता. तालमींतही ते फक्त नाटकातलंच बोलत.

शेवटी थोरल्याला राहवेना. "बोल ना रे छोट्या, मी आहे ना!"

"हो, दादा," म्हणत धाकट्यानं पुढचं सगळं घडाघडा म्हटलं.



पडदा पडल्यावर प्रॉम्प्टर थोरल्यापाशी येऊन करवादला, "तुझ्या भावाला सांगून सांगून माझा घसा सुकला! स्वतः लिहिलेल्या नाटकातलं वाक्य कुणी विसरतं होय?"