करकोच्याची पाठवणी
दुष्काळ सरल्यावरच्या हिवाळ्यात मायणीच्या तलावावर करकोचे पुन्हा उतरले. एकाचा पंख मोडला होता. मेंढ्यांना पाणी पाजायला आलेल्या हरिबानं त्याला घोंगड्यात गुंडाळून घरी नेलं. बायको तानुबाईनं पंखाला लुगड्याची चिंधी बांधली आणि ज्वारी टाकली. "पाखराला लळा लावू नगंस," हरिबानं बजावलं. पण एकदा तिनं पाहिलं, हरिबाच हात पसरून उड्या मारत होता आणि समोर करकोचाही तसाच नाचत होता. होळीच्या तोंडावर थवा परतायला लागला. दोघं बऱ्या झालेल्या करकोच्याला घेऊन तलावावर गेली. हरिबाला तो सोडवेना. "आवं, सोडा आता. त्येची माणसं चालली," तानुबाई म्हणाली. त्यानं हात काढले. करकोचा चार पावलं धावत उडाला, थव्यात मिसळला. "वळून बघितलं का गं त्येनं?" हरिबानं खाली बघतच विचारलं. "न्हाई." "मंग पंख पक्का जुळलाय."