जस्ताच्या पत्र्यावरची काच

या, जरा पुढं सरकून बसा मंडळी. बुवा कीर्तनाला उभे राहायला अजून अवकाश आहे. तोवर एका काचेची गोष्ट सांगतो.

जामखेडच्या विज्ञान प्रदर्शनात गोरक्ष आपल्या लेकीच्या, संस्कृतीच्या टेबलामागं उभा होता आणि वर्खाची पानं काही केल्या मिटत नव्हती.

टेबलावर एक बरणी होती. बुचातून तार आत गेलेली. तारेच्या खालच्या टोकाला मिठाईवरच्या वर्खाची दोन पानं, वरच्या टोकाला जस्ताचा पत्रा. संस्कृतीनं प्लॅस्टिकचा पाइप घोंगडीवर घासून पत्र्याला लावला, की पत्र्यावर इलेक्ट्रॉनची गर्दी होई आणि पानं एकमेकांपासून फाकत. मग पाण्याच्या जुन्या फिल्टरमधला जांभळा दिवा पत्र्यावर धरायचा. त्या उजेडानं इलेक्ट्रॉन सुटून जात, पानं मिटत. घरी शंभरदा मिटली होती. मांडवातला भला मोठा हॅलोजन लावला, तेव्हा मात्र ढिम्म हलली नव्हती.

"उजेड किती हाय ते बघायचं न्हाई आप्पा, कसला हाय ते बघायचं," ती म्हणाली होती. गोरक्षला ते लगेच पटलं. सप्ताहात पंचवीस वर्षं टाळ धरलेला माणूस तो. भोंगा मोठा केला म्हणून कुणाचे डोळे भरून येत नाहीत, नेमका सूर लागावा लागतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

आज तोच जांभळा दिवा पेटला होता आणि पानं ताठ. तपासायला आलेल्या हमिदा मॅडम घड्याळ बघत होत्या. तालुक्यातून एकच प्रयोग नगरला जायचा होता.

गोरक्षचं तसबिरींचं दुकान. देव असो की कुणाच्या लग्नाचा फोटो, जपायचं ते काचेमागं जायचं. पत्र्यावर रोज मळकट थर धरायचा आणि लेक तो पॉलिश पेपरनं घासत बसायची. तिची सोललेली बोटं त्याला बघवेनात. म्हणून आज पहाटे काकड्याला जायच्या आधी त्यानंच पत्रा लख्ख घासला आणि चकाकी टिकावी म्हणून वर काच बसवली. इतकी स्वच्छ पुसली, की आहे हे कळूच नये. सांगायचं मात्र राहून गेलं.

संस्कृतीनं पत्र्यावर बोट ठेवलं. नख काचेवर वाजलं. तिनं आप्पाकडं बघितलं आणि गोरक्षला उमगलं. पोरीचे वर्षभराचे कष्ट आपण एका काचेत बुडवले.

"होत नाही का गं?" मॅडमनी विचारलं.

"होतंय मॅडम. आधी न होणारं दाखवलं."

तिनं काच सरकवून काढली. पाइप पुन्हा घासला, पानं फाकली. दिवा धरला, पानं मिटायला लागली. मध्येच काच आडवी धरली, पानं जागच्या जागी थांबली. काच काढली, पानं मिटून गेली.

"ही काच आपल्या डोळ्यांना दिसत नाही मॅडम. पण जो उजेड इलेक्ट्रॉन सोडवतो, तो हिच्यातून पलीकडं जात नाही."

मॅडम खाली वाकल्या. त्यांनी स्वतः काच धरून बघितली, काढून बघितली. मग त्यांची नजर मागं टांगलेल्या प्रयोगाच्या तक्त्यावर गेली. "छान आहे. पण साहित्याच्या यादीत काच कुठाय?"

संस्कृतीनं पेन काढलं आणि छापील यादीच्या खाली निळ्या शाईनं लिहिलं, 'काच'.

"लिहायची राहिली होती," ती म्हणाली. "हे माझे आप्पा. त्यांनी बसवली."

तो तक्ता नगरला जाऊन आला. आता गोरक्षच्या दुकानात दर्शनी भागात लावलाय. चौकट सागवानी आहे, काच नाही. धूळ बसते, तो रोज फडक्यानं पुसतो, निळ्या अक्षरांपाशी हात हलका करतो.

उद्या देवाच्या तसबिरीवरची काच पुसाल, तेव्हा त्या लेकीची आठवण ठेवा.