सेल्वीच्या नवऱ्याचं नाव

पडेगावात माझ्या शेजारी राहणाऱ्या सेल्वीचा नवरा बेपत्ता झाला. तिच्या तमिळनाडूतल्या गावी लावायची तमिळ जाहिरात ती सांगत गेली आणि मला तमिळ येत असल्यानं मी कॉम्प्युटरवर टाइप करत गेले. मजकूर नीट उमटला. फक्त त्याच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसत होते.

मी फॉन्ट बदलून पाहिला. तीच अक्षरं शेजारच्या शब्दांत व्यवस्थित होती. नावात मात्र चौकोनच.

"त्याचं नाव घ्यायला तुमचा कॉम्प्युटर बी लाजतोय व्हय, भानुताई?" सेल्वी म्हणाली. "आणा पेन. मी हातानं लिहिते."

मी मजकूर छापून दिला. त्या कागदावर नावाच्या जागी तिनं सराईतपणे, न थांबता लिहिलं आणि तो माझ्यापुढे सरकवला. शाईचे एकसारखे चौकोन होते.

"आलं की नाय बरोबर?"

"सेल्वी, जरा मोठ्यानं वाच."

तिचे ओठ हलले. पंख्याचा आवाज येत होता. नाव ऐकू आलं नाही. मगाशी टाइप करताना मी ते ऐकलं होतं, आता आठवेना.

"झालं," ती म्हणाली. "खाली माझं नाव टाका."

मी पहिलं अक्षर दाबलं. स्क्रीनवर चौकोन आला.